‘प्राणी’ शोधला, प्राणिशास्त्र मिळालं

पत्र, थोडक्यात: मराठी घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने लिहिलं आहे. लघुप्रबंधासाठी तिला ‘मराठी साहित्यातील प्राणी’ हा विषय घ्यायचा आहे. शाळेत वाचलेल्या एका कथेत घर सोडून निघालेल्या कुटुंबाच्या गाडीमागे त्यांचा कुत्रा वेशीपर्यंत धावत येतो आणि पुढे कथेत त्याचा उल्लेखच येत नाही. त्या कुत्र्याचं काय झालं असेल, हा प्रश्न तिच्या मनात तेव्हापासून आहे. कथेचं नाव मात्र आता आठवत नाही. ग्रंथालयाच्या संगणकावर तिने ‘प्राणी’ हा शब्द टाकला, तेव्हा प्राणिशास्त्राची पाठ्यपुस्तकं, पशुपालनाची पुस्तकं आणि मुलांची चित्रांची पुस्तकं निघाली. समीक्षेचं एकही निघालं नाही. म्हणजे यावर कुणी लिहिलेलंच नाही, असं तिने ठरवलं आहे. ग्रंथपालांना विचारायला तिला संकोच वाटतो. मार्गदर्शक म्हणाले, ‘हा बालवाङ्मयाचा विषय वाटतो, पुन्हा विचार करा.’ मैत्रीण म्हणते, कपाटं धुंडाळण्यापेक्षा एआयला विचार, मिनिटात यादी मिळेल. विद्यार्थिनी विचारते, ‘विषय बदलू का?’

प्रिय मैत्रिणी,

विषय बदलू नका. शीर्षक मात्र बदलावं लागेल, त्याबद्दल पुढे लिहितेच. आधी त्या संगणकावरच्या यादीकडे वळू, कारण तुमचा सगळा धीर तिथेच सुटलेला दिसतो.

ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाला एकच जागा मिळते. ती ठरवणारा माणूस पुस्तक चाळतो आणि स्वतःला विचारतो, हे मुख्यतः कशाबद्दल आहे? १८७६ पासून चालत आलेल्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात प्राणिशास्त्र ५९० या वर्गात येतं. कुत्री, मांजरं, गुरंढोरं पाळण्याबद्दलची पुस्तकं ६३६ मध्ये येतात, प्राण्यांना कसं वागवावं याचा नैतिक विचार १७९.३ मध्ये आणि लोककथा ३९८.२ मध्ये. मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येतं, तर अनेक भाषांतल्या साहित्याची एकत्र समीक्षा ८०९ मध्ये. तुम्हाला हवा असलेला कुत्रा या सगळ्या कपाटांत आहे. पण कादंबरीतल्या कुत्र्याची नोंद तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या यादीत, कुणी करत नाही. तिथे लेखकाचं नाव, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि विषय म्हणून ‘मराठी कादंबरी’ एवढंच असतं. तुम्ही ‘प्राणी’ हा शब्द विचारलात आणि ज्या पुस्तकांच्या नावात किंवा विषयात तो शब्द होता ती सगळी संगणकाने काढून दिली. यादीत समीक्षा नव्हती, यावरून समीक्षाच नाही असं ठरत नाही.

आता याच संगणकाला दुसऱ्या तऱ्हेने विचारून पाहा. मोठ्या ग्रंथालयांत इंग्रजी पुस्तकांना ठरलेली विषयशीर्षकं दिलेली असतात. ‘ॲनिमल्स इन लिटरेचर’, ‘डॉग्ज इन लिटरेचर’, ‘ह्यूमन-ॲनिमल रिलेशनशिप्स इन लिटरेचर’ ही त्यांतली काही. ती रोमन लिपीत, आणि शीर्षकाच्या चौकटीत नव्हे तर विषयाच्या चौकटीत टाका. एक पुस्तक मिळालं की त्याची पूर्ण नोंद उघडा. तिथे आणखी दोन-तीन विषयशीर्षकं दिसतील, त्यांवरून पुढे जा. कपाटाशी जायची मुभा असेल तर ८०९.९३३६२ हा क्रमांक शोधा. साहित्यातल्या प्राण्यांवरची तौलनिक समीक्षा बहुधा तिथे असते. तिथे उभं राहून शेजारची पुस्तकंही चाळा. प्रत्येकाच्या शेवटच्या पानांवरची विषयसूची आणि संदर्भसूची पाहा. एका चांगल्या पुस्तकाची संदर्भसूची पुढच्या आठवडाभराचं काम ठरवून देते.

मराठीत विषयशीर्षकांची इतकी पक्की सोय सगळीकडे मिळत नाही, म्हणून इथे दारं वेगळी आहेत. शं. ग. दात्यांच्या मराठी ग्रंथसूचीचा पहिला खंड १८०० ते १९३७ या काळातली पुस्तकं विषयवार देतो. विश्वकोश आणि भारतीय संस्कृतिकोश यांत एकेका प्राण्यावर नोंदी आहेत आणि त्या प्राण्याच्या कथा, श्रद्धा, दैवतं यांचा माग तिथून लागतो. दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश उघडलात तर म्हणींतली आणि वाक्प्रचारांतली अख्खी गोशाळा, तबेला आणि रान समोर येईल. विद्यापीठांत झालेले बरेच प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर खुले आहेत. तिथे ‘प्राणी’ शोधू नका. ‘ग्रामीण कथा’, ‘निसर्ग’, ‘पर्यावरण’, ‘लोककथा’ असं शोधा आणि अनुक्रमणिका वाचा. एखाद्या लेखकावरच्या प्रबंधात ‘निसर्गचित्रण’ नावाचं प्रकरण असतं आणि प्राणी हमखास त्यात सापडतात.

जुन्या मजकुरात शोधताना आजचा शब्द पुरत नाही. लीळाचरित्रात शिकाऱ्यांपासून वाचवलेल्या सशाची लीळा आहे. चक्रधरस्वामींच्या आश्रयाला आलेला ससा ते पाठलाग करणाऱ्यांच्या हाती देत नाहीत. त्या गद्यात ‘कुत्रा’ शोधाल तर बहुधा फारसं काही मिळणार नाही, तिथे ‘सुणें’ आहे. कुठे ‘श्वान’ आहे. मराठी लेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले. त्याआधीच्या छापील पुस्तकांत अनुस्वारांची रेलचेल आहे, म्हणून ‘पाखरू’ शोधणाऱ्याला ‘पांखरूं’ दिसत नाही. शिवाय जुन्या पुस्तकांच्या संगणकीय प्रतींत जोडाक्षरं नीट ओळखली गेलेली नसतात. म्हणून प्रत्येक प्राण्यासाठी एक छोटी शब्दयादी करा. नर, मादी, पिल्लू यांची नावं, संस्कृत नाव, जुनं मराठी नाव, जुनं लेखन, आणि त्या प्राण्याला हाक मारायचे शब्दही. संतसाहित्यासाठी शब्दसूची जोडलेली आवृत्ती मागून घ्या. ज्ञानेश्वरीतले चकोर, भ्रमर, कासव असे शोधले तर एका बैठकीत सापडतात आणि मग प्रत्येक ओवी आपल्या जागी वाचता येते.

इथवर शोधण्याच्या पद्धती झाल्या. तुमच्या पत्रातलं खरं धन मात्र त्या कुत्र्याच्या प्रश्नात आहे आणि तुम्ही तो ओलांडून ‘मराठी साहित्यातील प्राणी’ या प्रचंड शीर्षकाकडे गेलात. हे असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. मनात एक टोकदार प्रश्न असतो, पण तो फार लहान वाटतो, म्हणून त्यावर मोठं शीर्षक घातलं जातं. मग ग्रंथालयात गेल्यावर मोठ्या शीर्षकाला मोठी आणि निरुपयोगी उत्तरं मिळतात. तुमचा प्रश्न असा आहे: लेखक ज्या प्राण्याला कथेत आणतो आणि मध्येच सोडून देतो, त्या प्राण्याचं कथेत काम तरी काय असतं? माझ्या माहितीप्रमाणे हा प्रश्न कुठल्याही तालिकेत तयार मिळणार नाही आणि म्हणूनच तो चांगला आहे.

याच प्रश्नाने महाभारत उघडून पाहा. आदिपर्वाच्या सुरुवातीला जनमेजयाच्या सत्राच्या, म्हणजे दीर्घ यज्ञाच्या, जागी एक कुत्रा येतो. काही अपराध नसताना राजाचे भाऊ त्याला मारतात. त्याची आई सरमा येऊन जाब विचारते आणि शाप देते. आणि शेवटी, महाप्रस्थानाच्या वाटेवर, युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा चालत राहतो. त्याला टाकून स्वर्गात यायला राजा नकार देतो. एवढ्या विराट ग्रंथाच्या दोन्ही टोकांना कुत्रा आहे. एका टोकाला त्याला हाकललं जातं, दुसऱ्या टोकाला त्याच्यासाठी स्वर्ग नाकारला जातो. आता शोधण्याच्या बाजूने पाहा. सरमेला नाव आहे, म्हणून ती चित्रावशास्त्रींच्या प्राचीन चरित्रकोशासारख्या ग्रंथात किंवा सोरेनसेनच्या महाभारत नामसूचीत शोधता येते. तिथून ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या सरमा-पणी संवादापर्यंतही जाता येतं. शेवटच्या कुत्र्याला नावच नाही. तो पुढे धर्म म्हणून प्रकट होतो, पण वाट चालताना तो फक्त कुत्रा असतो. नावांच्या सूचीत असा प्राणी हाती लागत नाही. त्याच्यासाठी पर्वाचे सारांश वाचावे लागतात, कथा माहीत असावी लागते किंवा माहीत असलेल्या माणसाला विचारावं लागतं. सूच्या नावं असलेल्यांसाठी केलेल्या असतात. तुमचे प्राणी बहुधा बिननावाचे असणार, हे लक्षात ठेवून वेळेचा अंदाज बांधा.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं, आणि त्यातून लोककथांच्या कपाटातली दोन मोलाची साधनं कळतात. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली ब्राह्मण आणि मुंगुसाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. मुंगूस पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवतं, त्याचं रक्ताळलेलं तोंड पाहून घरची माणसं भलताच समज करून घेतात आणि त्याला मारतात. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणच्या जुन्या पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं, आणि ही गोष्ट पश्चिमेकडे चालत गेली. वाटेत मुंगुसाचा कुत्रा झाला. वेल्समध्ये तो राजपुत्र लेवेलिनचा गेलर्ट नावाचा शिकारी कुत्रा आहे आणि सापाच्या जागी लांडगा आला आहे. फ्रान्समध्ये लियाँजवळच्या गावांत तर गिनफोर्ट नावाच्या अशाच कुत्र्याला लोक संत मानत आणि आजारी मुलांना त्याच्या थडग्याशी नेत. तेराव्या शतकात एतिएन द बूर्बाँ या धर्मोपदेशकाने हे लिहून ठेवलं आहे. ही सगळी भावंडं तुम्हाला ‘मुंगूस’ किंवा ‘कुत्रा’ या शब्दाने एकत्र सापडणार नाहीत. स्टिथ थॉम्प्सनच्या कथाघटकांच्या सूचीत ‘बी’ हा सबंध विभाग प्राण्यांचा आहे. आर्ने, थॉम्प्सन आणि उथर यांच्या कथाप्रकारांच्या सूचीत १ ते २९९ हे क्रमांक प्राणिकथांचे आहेत. वरची कथा तिथे १७८ ए या क्रमांकाखाली आहे. काळीज झाडावर विसरलेल्या माकडाची आणि मगरीची गोष्ट ९१ या क्रमांकावर आहे. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात ती येते आणि पाली जातकांत २०८ व्या सुंसुमार जातकातही. क्रमांक हाती आला की जगभरातली रूपं एका पानावर दिसतात. या सूच्या संदर्भ विभागात असतात, घरी नेता येत नाहीत. अर्धा दिवस मोकळा ठेवून जा.

तुम्ही लिहिलं आहे, ‘प्राणी कशाकशाची प्रतीकं आहेत हे मी दाखवणार आहे.’ इथे मी तुम्हाला थोडं थांबवते. कुत्रा म्हणजे निष्ठा, कोल्हा म्हणजे कपट, बैल म्हणजे कष्ट, हे समीकरण वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं. त्यासाठी प्रबंध लागत नाही. काही ठिकाणी प्राणी खरोखर प्रतीकच असतो. एकनाथांच्या भारुडातला विंचू कामक्रोधाचा आहे आणि ते भारुडातच सांगितलेलं आहे. पण प्रत्येक प्राण्याला आपण त्याच वाटेने नेलं तर तो पानावर उभा असतानाच दिसेनासा होतो. म्हणून एक साधी सवय सुचवते. नोंदवहीत प्रत्येक प्राण्यासमोर त्याची क्रियापदं लिहा. तो काय करतो? धावतो, हुंगतो, वाट पाहतो, मार खातो, मरतो? आणि त्याच्याशी काय केलं जातं? त्याला नाव आहे का, आणि ते कुणी ठेवलं? तो मेला तर कथेत कुणाचं काय बदललं? दहा-बारा कथांची क्रियापदं एकाखाली एक आली की तुमचं प्रकरण तुम्हालाच दिसू लागेल. उदाहरणार्थ, ज्या प्राण्यांना नाव आहे त्यांच्या वाट्याला कर्तरी क्रियापदं येतात आणि बिननावाच्यांच्या वाट्याला कर्मणी, असं काही निघालं तर ते कुणाच्या पुस्तकातून घेतलेलं नसेल, तुमचं असेल. नाहीच निघालं, तर तेही लिहिण्याजोगं आहे.

प्राण्याच्या नजरेतून लिहिलेलं वाचत असाल तर टॉलस्टॉयची ‘खोल्स्तोमेर’ ही घोड्याची कथा मिळवा. ‘माझं’ हा माणसांचा शब्द त्या घोड्याला कळत नाही. एक जिवंत घोडा कुणाचा तरी ‘माझा’ कसा असू शकतो, असं त्याला वाटतं. १९१७ मध्ये व्हिक्टर श्क्लोव्स्कीने ओळखीच्या गोष्टीला अनोळखी करून दाखवणं हे कलेचं काम आहे असं मांडलं, तेव्हा त्याने याच कथेचा आधार घेतला. विसाव्या शतकाच्या साहित्यविचारातल्या एका मोठ्या कल्पनेच्या मुळाशी एक घोडा उभा आहे. तुमच्या मार्गदर्शकांना हे जरूर सांगा.

आता ज्या कपाटाचा तुम्हाला राग आला, त्या ५९० कडे परत जा असं मी म्हणणार आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी १९८२ ची, पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यात माणसं जवळजवळ नाहीतच, वानरांच्या टोळ्या आहेत आणि टोळीवरची सत्ता एका नराकडून दुसऱ्याकडे जाते. ती मानवी राजकारणाचं रूपक म्हणून वाचणारे पुष्कळ आहेत. तसं वाचायला हरकतही नाही. पण त्याआधीच्या दोन दशकांत या वानरांवर महत्त्वाचा अभ्यास झाला होता. युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात धारवाडजवळच्या टोळ्या पाहिल्या. सारा ब्लाफर हर्डी यांचं अबूच्या वानरांवरचं पुस्तक १९७७ मध्ये आलं. बाहेरचा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा नेमकं काय घडतं आणि पिल्लांचं काय होतं, हाच त्या अभ्यासाचा गाभा होता. कादंबरी आणि हे अभ्यास शेजारी ठेवून वाचले तर लेखकाने काय पाहिलं, काय निवडलं आणि काय रचलं हे तुम्हाला दाखवून देता येईल. साहित्याचा विद्यार्थी सहसा त्या कपाटाकडे जात नाही. तुम्ही गेलात तर तुमचं वाचन वेगळं होईल.

कथेतल्या प्राण्याच्या खरेपणाचा वाद जुनाही आहे. १९०३ मध्ये जॉन बरोज या निसर्गलेखकाने अमेरिकेतल्या लोकप्रिय प्राणिकथाकारांवर टीका केली की तुम्ही प्राण्यांच्या अंगी माणसांचं मन घालून तेच निसर्गनिरीक्षण म्हणून विकता. १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही त्यात उतरले. कथेतला प्राणी किती खरा असावा आणि तो खरा आहे हे ठरवणार कोण, हा प्रश्न तिथून आजच्या प्राणी-अभ्यासापर्यंत, म्हणजे माणूस आणि प्राणी यांचं नातं तपासणाऱ्या शाखेपर्यंत, चालत आला आहे. या नव्या शाखेची नियतकालिकं आहेत. ‘सोसायटी अँड ॲनिमल्स’ १९९३ पासून निघतं. विद्यापीठ ग्रंथालयाने घेतलेल्या ई-जर्नलांत ते आहे का पाहा. नसेल तर लेखाचं नाव देऊन दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतं का, हे विचारा. आंतरग्रंथालयीन देवघेवीची सोय बऱ्याच ठिकाणी असते, वापरणारे फार थोडे असतात.

आणि हे विचारायचं कुणाला, तर ग्रंथपालांना. तुमच्या संकोचाबद्दल मला वाईट वाटलं, कारण सगळ्यांत जास्त वेळ तिथे वाया जातो आहे. एम.ए.ला असून पुस्तक शोधता येत नाही का, असं त्यांना वाटेल हा तुमचा अंदाज आहे, त्यांनी तसं म्हटलेलं नाही. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. तुम्हाला वाट दाखवणं हे त्यांच्या कामाच्या मध्यभागी आहे, तुमच्यावरचे उपकार म्हणून ते होत नाही. फक्त ‘प्राण्यांवर काही आहे का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला संगणकाने दिलंच आहे. असं विचारा: ‘ग्रामीण कथेत माणसं घर सोडून जातात तेव्हा पाळीव जनावरांचं काय होतं, हे मी शोधते आहे. कथासंग्रह पाहिले. लोककथांच्या सूच्या आणि जुन्या मासिकांचे बांधीव अंक कुठे पाहू?’ इतका नेमका प्रश्न आला की चांगला ग्रंथपाल खुर्चीवरून उठतो. नाव आठवत नसलेल्या तुमच्या कथेबद्दलही त्यांनाच विचारा. कोणत्या इयत्तेत, साधारण कोणत्या वर्षी वाचली ते सांगा. जुनी पाठ्यपुस्तकं काही ग्रंथालयं जपून ठेवतात आणि पाठाखाली लेखकाचं आणि मूळ संग्रहाचं नाव बहुतेक वेळा छापलेलं असतं. मूळ संग्रह मिळाला तर तो आवर्जून वाचा. पाठ्यपुस्तकात येताना कथा बऱ्याचदा कापलेली असते. कुत्र्याबद्दलचा परिच्छेद लेखकाने लिहिलाच नव्हता की संपादकाने गाळला, हे त्याशिवाय कळणार नाही.

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल थोडंच. शब्दयादी वाढवायला किंवा इंग्रजी विषयशीर्षकं सुचवायला एआयची मदत घेतलीत तर बिघडत नाही. पण ही यंत्रं अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावं, लेखक आणि पृष्ठांकांसह, ठामपणे सांगतात. मराठीच्या बाबतीत तर जास्तच सांभाळून राहा. जे पुस्तक तुम्ही कपाटातून किंवा विश्वासार्ह तालिकेतून स्वतः काढून पाहिलं नाही, ते संदर्भसूचीत घालू नका.

विद्यापीठाबाहेरचेही बरेच जण असंच काही शोधत असतात. कुणी शिक्षक वर्गासाठी, कुणी लेखक आपल्या कादंबरीतल्या म्हशीसाठी, कुणी वाचनमंडळासाठी. सदस्यत्व नसलं तरी बऱ्याच संदर्भ विभागांत बसून वाचायची परवानगी अर्ज करून मिळते. सार्वजनिक ग्रंथालयात समीक्षा कमी आणि कथा-कादंबऱ्या भरपूर असतात. या विषयासाठी ती अडचण नाही, सुरुवात तिथूनच करावी. आणि मुलांचा विभाग टाळू नका. पंचतंत्राची चौकट राजपुत्रांना नीती शिकवण्याची आहे. पाली जातकांतल्या ५४७ कथा बोधिसत्त्वाच्या जन्मांच्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक जन्मांत तो प्राणी आहे. या कथा मुलांच्या कपाटात कशा आणि कोणत्या रूपात पोचल्या, हा स्वतंत्र लघुप्रबंध होऊ शकतो.

म्हणजे मार्गदर्शकांच्या शंकेला उत्तर आहे. पण त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, ते झटकू नका. ‘मराठी साहित्यातील प्राणी’ हे शीर्षक ऐकून प्राण्यांची ओळखपरेडच डोळ्यांसमोर येते: गाय, बैल, वाघ, साप, प्रत्येकी चार पानं. त्यांना बहुधा तेच दिसलं असावं. तुमच्यापुढे मला तीन वाटा दिसतात. एकच कादंबरी घेऊन तिच्यातले प्राणी खोलवर वाचणं. यात सामग्री हाताशी असते, प्राणिशास्त्राची जोड देता येते आणि मुदतीत काम होतं. एकच गोष्ट घेऊन तिचा भाषांमधून प्रवास दाखवणं. हे सुंदर आहे, पण अनेक भाषांतली रूपं भाषांतरांतून वाचावी लागतील आणि लघुप्रबंधाचा वेळ त्याला अपुरा पडेल असं मला वाटतं. किंवा एकच प्रसंग, माणसांनी प्राण्याला मागे सोडण्याचा, घेऊन तो वेगवेगळ्या कथांतून पाहणं. तुमचं पत्र वाचून माझं मन तिसऱ्या वाटेकडे जातं. फक्त कथांची निवड आधी काटेकोर करा. एक कालखंड किंवा दोन-तीन लेखक ठरवा. आणि महाभारतातला कुत्रा कितीही मोहात पाडत असला, तरी त्याला प्रस्तावनेतच ठेवा.

पहिले दोन आठवडे फक्त कथा वाचा आणि क्रियापदांची नोंद करा, समीक्षा नको. मग समीक्षेकडे वळा. प्रत्येक टिपणावर त्याच दिवशी पुस्तकाचं नाव, आवृत्ती, वर्ष, पान आणि ग्रंथालयाचा वर्गांक लिहा. पुस्तक परत मागवताना वर्गांक लागतोच.

त्यानंतर मार्गदर्शकांकडे एकच कागद घेऊन जा. वर तुमचा प्रश्न एका वाक्यात. खाली निवडलेल्या कथा आणि त्या का निवडल्या. त्याखाली तुम्ही हाताळलेली समीक्षेची आणि संदर्भाची पाच पुस्तकं, वर्गांकांसह. आणि शेवटी क्रियापदांच्या नोंदवहीतलं एक पान, जसं आहे तसं. इतकं पाहूनही ते नको म्हणाले, तर ‘यातला कोणता भाग तुम्हाला कच्चा वाटतो?’ असं सरळ विचारा. त्यांचं उत्तर मला कळवा. त्यावरून कथा कमी करायच्या की काळ बदलायचा, ते पुढच्या पत्रात ठरवू.